नळीमागची काळी रेघ आणि सिकलसेल तपासणीचा आकडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाणे जिल्ह्यात सिकलसेल तपासणीचे शिबिर झाले की बातमीत आकडा येतो: अमुक पाड्यांवर अमुक हजार जणांची तपासणी, त्यांत इतके वाहक. आकडा खरा असेलही. पण त्याच्या मागे काचेची एक नळी असते आणि नळीत दोन मिलिलिटर द्रावण. ते द्रावण मेलेले असेल तर शंभरच्या शंभर माणसे 'निगेटिव्ह' निघतात आणि कोणाचीही तक्रार येत नाही, कारण निगेटिव्ह अहवाल घेऊन कुणी परत येत नसते. या चाचणीतला बिघाड बहुधा एकाच बाजूला झुकतो, आजार लपवण्याच्या. म्हणून हे पत्र थोडे तांत्रिक झाले तरी चालेल, असे समजून लिहीत आहोत.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाली. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट. एवढे मोठे लक्ष्य असले की खालच्या पातळीवर 'आज किती झाले?' हाच प्रश्न उरतो. तो प्रश्न शहापूर, मुरबाडच्या आरोग्यसेविकेला रोज विचारला जातो. 'आज कंट्रोल (निकाल आधीच ठाऊक असलेल्या रक्ताची पडताळणी-नळी) लावला होता का?' हे मात्र क्वचितच कुणी विचारते.

आधी आजाराचे मूळ. अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिन जनुकात एकच अक्षर बदलते, जीएजीचे जीटीजी होते. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये निरोगी आणि सिकलचे ही दोन्ही हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगवेगळ्या गतीने सरकतात हे दाखवले आणि याला रेणूचा आजार म्हटले. नेमका बदल व्हर्नन इन्ग्राम यांनी पुढच्या दशकात शोधला. व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरणारे आहे. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की ते शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसते आणि रेणूंचे लांब धागे होतात. द्रव असलेली पेशी आतून घट्ट होते आणि तिचा विळा होतो. जनुकात सुरू झालेला आजार केशवाहिनीत द्रवाचा प्रश्न बनतो. शिबिरातल्या चाचणीत, म्हणजे सोल्युबिलिटी (विद्राव्यता) चाचणीत, आपण हेच नळीत घडवून आणतो.

शिबिरात बहुतेक वेळा तयार किट असते, पण आत काय असते हे ठाऊक असावे. प्रयोगशाळेत वापरली जाणारी एक कृती अशी: निर्जल डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट २१५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १६९ ग्रॅम, सोडियम डायथायोनाइट ५ ग्रॅम, सॅपोनिन १ ग्रॅम, सगळे मिळून पाण्यात एक लिटर. पहिले फॉस्फेट पूर्ण विरघळल्यावरच दुसरे घालायचे, नंतर डायथायोनाइट आणि शेवटी सॅपोनिन. सॅपोनिन पेशी फोडते, डायथायोनाइट ऑक्सिजन ओढून घेते आणि तीव्र फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन नसलेले 'एस', म्हणजे सिकलचे, हिमोग्लोबिन विरघळून राहू शकत नाही, म्हणून द्रावण गढूळ होते. तयार द्रावण ४ अंशांवर ठेवले तर आठवडाभर टिकते, त्यापुढे नाही.

दोन मिलिलिटर द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त, हलवून पाच मिनिटे थांबायचे, मग नळीमागे साधारण अडीच सेंटिमीटरवर बारीक काळ्या रेघांचे पांढरे कार्ड धरायचे. रेघ दिसली तर निगेटिव्ह, दिसेनाशी झाली तर पॉझिटिव्ह. इतके सोपे असल्यामुळेच यात हयगय होते.

पहिला शत्रू दमट हवा. डायथायोनाइट ही पांढरी भुकटी ओलावा आणि हवेतला ऑक्सिजन लागताच निकामी होऊ लागते. कोकणपट्टीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाटलीचे झाकण दहा वेळा उघडले की भुकटीचे खडे होतात आणि गंधकाचा उग्र वास येतो. अशी बाटली फेकायची, 'अजून अर्धी आहे' म्हणून वापरायची नाही. मोठ्या बाटलीऐवजी एका दिवसाच्या मापाच्या सीलबंद पुड्या घ्याव्यात, डब्यात सिलिका जेल ठेवावे आणि उघडल्याची तारीख बाटलीवरच लिहावी. द्रावण जिवंत आहे की नाही हे रंगावरूनही कळते. चांगल्या द्रावणात रक्त पडले की त्याचा लालभडक रंग जाऊन ते काळपट जांभळट होते. रंग तसाच लाल राहिला तर ऑक्सिजन निघालेलाच नाही, आणि त्या नळीतला निगेटिव्ह वाचण्याच्या लायकीचा नाही.

दुसरी चूक थंड द्रावणाची. मध थंडीत घट्ट होतो; या हिमोग्लोबिनचे उलटे आहे, ते उबेत घट्ट होते आणि गारव्यात पुन्हा विरघळते. शीतपेटीतून काढलेल्या द्रावणात लगेच रक्त टाकले तर वाहकाची नळीसुद्धा स्वच्छ दिसू शकते. नळ्या भरून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्याव्यात. शिबिरात घाई असते, रांग असते आणि हीच वीस मिनिटे कापली जातात.

तिसरी गोष्ट रक्तक्षयाची, आणि आपल्या पाड्यांवर ती सर्वांत महत्त्वाची. ज्या बाईचे हिमोग्लोबिन सात आहे तिच्या २० मायक्रोलिटर रक्तात मुळात हिमोग्लोबिनच कमी. गढूळपणा येणार कुठून? हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर रक्त दुप्पट घ्यावे, किंवा ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतले रक्त यंत्रात फिरवून खाली बसलेल्या पेशींतले १० मायक्रोलिटर घ्यावे. म्हणजे सिकलसेलच्या आधी हिमोग्लोबिन मोजले पाहिजे. दोन्ही एकाच टेबलावर होत असताना क्रम उलटा ठेवण्याचे कारण नाही. बोट दाबून दाबून रक्त काढले तरी तोच घोळ होतो, रक्ताबरोबर ऊतींमधले पाणी येते आणि थेंब पातळ होतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही चाचणी लावूच नये, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतले 'एफ' हिमोग्लोबिन जास्त असते. तीन-चार महिन्यांत रक्त चढवलेल्या माणसाचेही तेच. त्याच्या नळीत दात्याच्या पेशी असतात.

उलट्या बाजूची चूक क्वचित होते. रक्तात चरबी फार असली, प्रथिने वाढलेली असली किंवा रक्त ज्यादा पडले तर निरोगी माणसाची नळीही गढूळ होते. पेशी सलाइनने धुऊन चाचणी पुन्हा केली की उलगडा होतो.

या सगळ्यावर एकच पहारेकरी, तो म्हणजे कंट्रोल. प्रत्येक खेपेला एक ज्ञात निरोगी आणि एक ज्ञात वाहक अशा दोन नळ्या सोबत लावायच्या. पॉझिटिव्ह कंट्रोल रुग्णाचा नव्हे, वाहकाचा हवा. रुग्णाच्या रक्तात 'एस' इतके असते की अर्धमेल्या द्रावणातही ते गढूळ होते. वाहकात ते साधारण २० ते ४० टक्के, म्हणून द्रावण कमजोर झाले की तीच नळी आधी सांगते. शिबिराच्या नोंदवहीत कंट्रोलचा रकाना आणि त्यावर तंत्रज्ञाची सही असावी. ज्या दिवशी तो रकाना कोरा, त्या दिवसाचे निगेटिव्ह पुन्हा तपासायचे, असा नियम जिल्हा पातळीवर करता येईल. त्याला निधी लागत नाही.

आता ठाणे जिल्ह्याचे वेगळेपण. पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला, तरी शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या ग्रामीण पट्ट्यात ठाकूर, वारली, कातकरी वस्ती आहे, आणि येऊरचे पाडे तर ठाणे महापालिकेच्या हद्दीतच आहेत. त्याच जिल्ह्यात उल्हासनगर आहे. सिंधी, लोहाणा, कच्छी समाजांत बीटा थॅलेसेमियाचे (हिमोग्लोबिनची बीटा साखळी कमी बनण्याच्या आनुवंशिक दोषाचे) वाहक बरेच आढळतात, हे रक्तशास्त्रात जुने माहीत आहे. शिवाय ठाणे-बेलापूर पट्ट्यात विदर्भ, नंदुरबार, छत्तीसगड, ओडिशातून आलेली कुटुंबे राहतात. म्हणजे एका बाजूने 'एस' आणि दुसऱ्या बाजूने थॅलेसेमिया असलेले जोडपे इथे सहज जमू शकते. त्यांच्या बाळाला दोन्हींचा वारसा मिळाला तर सिकल-बीटा थॅलेसेमिया होतो, जो सिकलसेलइतकाच त्रासदायक असू शकतो. सोल्युबिलिटी चाचणीत थॅलेसेमियाचा वाहक दिसतच नाही. नवऱ्याची नळी स्वच्छ आली म्हणून जोडपे निश्चिंत होते.

त्यासाठी दुसरी नळी आहे, नेस्ट्रॉफ्ट नावाची, आणि तिचा खर्च जवळजवळ मिठापाण्याचाच. १० टक्क्यांच्या बफर केलेल्या सलाइन साठ्यातले ३.६ मिलिलिटर घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने १०० मिलिलिटर करायचे, की ०.३६ टक्क्यांचे द्रावण तयार. त्यातल्या दोन मिलिलिटरमध्ये २० मायक्रोलिटर रक्त घालून अर्धा तास थांबायचे. सामान्य पेशी इतक्या पातळ मिठात पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात, द्रावण पारदर्शक लाल होते, रेघ दिसते. थॅलेसेमिया वाहकाच्या पेशी लहान आणि चपट्या. त्यांच्यात फुगायला जागा जास्त, म्हणून त्या टिकतात आणि रेघ झाकतात. कार्ड तेच, रेघ तीच. बिघडते कुठे? बाटली उघडी राहिली की पाणी उडून मीठ तीव्र होते आणि निरोगी माणसेही पॉझिटिव्ह येऊ लागतात. नळीला साबण राहिला तर सगळ्याच पेशी फुटतात आणि वाहक सुटतो. लोहाच्या कमतरतेतही ही नळी पॉझिटिव्ह येते, त्यामुळे ती निदानाची नव्हे, चाळणीची चाचणी आहे. सीबीसी (रक्तपेशी मोजण्याचे) यंत्र असेल तर एमसीव्हीला (तांबड्या पेशीच्या सरासरी आकारमानाला) तांबड्या पेशींच्या संख्येने भागून पाहावे: १३ च्या खाली आले तर थॅलेसेमियाकडे बोट, वर आले तर लोहाकडे. सिकलच्या वाहकाचे एमसीव्ही बहुधा सामान्यच असते. म्हणून एक नळी दुसरीची जागा घेऊ शकत नाही, दोन्ही लावाव्या लागतात.

थॅलेसेमियाच्या वाहक असलेल्या गर्भवतींना महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि हिमोग्लोबिन हलत नाही. मग 'बाई गोळ्या खात नाही' असा शेरा पडतो. शेरा मारण्याआधी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी यंत्रावरची चाचणी, करावी.

एचपीएलसीसाठी माणसाला पुन्हा बोलावणे हा आपल्या पद्धतीतला सर्वांत मोठा गळतीचा टप्पा आहे. पाड्यावरून ग्रामीण रुग्णालयापर्यंत एका दिवसाची मजुरी जाते. चाळणीत पॉझिटिव्ह आलेल्याची जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी त्याच ठिकाणी, त्याच बसण्यात घ्यावी. दोन मिलिलिटर पुरते. २ ते ८ अंशांवर ती काही दिवस सुस्थितीत राहते. गोठवायची मात्र नाही, बर्फाला थेट टेकवायचीही नाही. आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. लसीच्या शीतसाखळीची गाडी तिथे जाते-येते, तिच्या परतीच्या फेरीत वेगळ्या पेटीतून नमुने आणता येतील. शिबिराची बातमी छापताना आपल्या बातमीदारांनी 'किती तपासले' याबरोबर 'किती पॉझिटिव्हचा एचपीएलसी अहवाल हातात पडला आणि किती दिवसांत' हेही विचारावे, ही विनंती.

अहवाल वाचण्यातही एक खाच आहे. 'ए' (सामान्य हिमोग्लोबिन) जास्त आणि 'एस' कमी असेल तर माणूस वाहक. 'एस' जास्त आणि 'ए' थोडे असेल, आणि अलीकडे रक्त चढवलेले नसेल, तर सिकल-बीटा थॅलेसेमियाचा विचार करावा. छापील अहवालावर यंत्राने काढलेला 'एस विंडो' एवढाच शेरा पाहून 'सिकल पॉझिटिव्ह' असे एकच वाक्य रुग्णाच्या हाती देणे चुकीचे आहे. वाहकाला आजार नसतो. मुलगी वाहक निघाली म्हणून जमलेली सोयरीक मोडली जाते, ती अशाच अर्धवट वाक्यामुळे. दोघेही वाहक असतील तरच प्रश्न येतो, आणि तेव्हाही प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता आजाराची, दोन वाहकाच्या आणि एक पूर्ण निरोगी बाळाची. 'पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली' हा समज घट्ट बसलेला आहे. समुपदेशकाने तो आधी काढावा.

गर्भवतीची सिकल आणि थॅलेसेमिया तपासणी पहिल्या भेटीतच, बाराव्या आठवड्याच्या आत व्हायला हवी, आणि ती वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याची. वारेचा तुकडा घेऊन करायचे निदान १० ते १२ आठवड्यांत होते, गर्भजलाचे १६ च्या पुढे. त्याआधी आई-बाप दोघांचा जनुकदोष ठाऊक असावा लागतो, नाहीतर प्रयोगशाळा काय शोधणार? परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) रक्तविकार संस्था हे काम करते. ठाण्याहून ती लोकलच्या अंतरावर आहे, म्हणजे उशीर होतो तो वाटेत नव्हे. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानेही हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भनिदानाला मुभा दिली आहे.

नवजात बाळाचे टाचेतले रक्त गाळणकागदावर घेतात. कागद आडवा ठेवून तीन-चार तास सुकवायचा असतो. पावसाळ्यात त्याला जास्त वेळ लागतो आणि ओलसर कागद पाकिटात घातला की बुरशी येते. पाकिटात सिलिका जेल हवेच. निदान लवकर झाले तर दिवसातून दोनदा पेनिसिलिन पाच वर्षांपर्यंत देता येते आणि न्यूमोकॉकलची लस वेळेवर मिळते. या वयातले बरेचसे मृत्यू जंतुसंसर्गाने होतात, म्हणून कागदाचा तो चौकोन महत्त्वाचा.

आता पाण्याविषयी. 'एस' हिमोग्लोबिनचे धागे तयार व्हायला लागणारा वेळ पेशीतल्या त्याच्या सांद्रतेवर विलक्षण अवलंबून असतो, पंधराव्या ते तिसाव्या घाताच्या प्रमाणात. म्हणजे पेशीतले पाणी आटून सांद्रता दहा टक्के वाढली, तर तो वेळ चौपटीपासून सतरा पटीपर्यंत घटतो. केशवाहिनी ओलांडायला पेशीला सेकंदभर लागतो. त्याआधी धागे झाले तर ती तिथेच अडकते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध कामाला येते ते इथेच. ते 'एफ' हिमोग्लोबिन वाढवते, 'एफ' धाग्यात शिरत नाही, पेशी मोठी होते आणि वेळ मिळतो. सुरुवातीला किलोमागे रोज १० ते १५ मिलिग्रॅम आणि नियमित सीबीसी, कारण पांढऱ्या पेशी उतरू शकतात. ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल शाळकरी मुलाला जास्त होते, तेव्हा कमी मात्रेच्या कॅप्सूल केंद्रावर असाव्यात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जनुक-संपादन उपचाराची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. तो मुरबाडला कधी येईल ते येवो. कॅप्सूल आणि पाणी आज देता येते.

पण पाणी तरी कुठे आहे? भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातली, पाणी मुंबईला, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. सिकलसेलच्या रुग्णाचे मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही, त्यामुळे शरीर कोरडे पडत असतानाही पाणी जात राहते आणि 'लघवी पिवळी झाली की पाणी प्या' हा नेहमीचा सल्ला त्याला लागू पडत नाही. प्रौढाला दिवसाला तीन लिटरच्या आसपास, भट्टीवर काम असेल तर त्याहून जास्त पाणी लागते. भिवंडी-शहापूरच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे हंगामभर राबतात. तिथे सावली आणि पिण्याच्या पाण्याची टाकी हा सिकलसेल कार्यक्रमाचाच भाग धरावा, कामगार खात्याचा विषय म्हणून टोलवू नये.

शेवटी शहरातल्या मोठ्या रुग्णालयांसाठी एक सूचना. तिथे पाड्यावरून आलेला रुग्ण दुखण्याने कळवळत असतो आणि हिमोग्लोबिन सात दिसते. कित्येक रुग्णांचे ते नेहमीचेच असते, शरीर त्याला सरावलेले असते. घाईने रक्त चढवून ते दहाच्या वर नेले तर रक्ताचा दाटपणा वाढतो, प्रवाह मंदावतो आणि ज्या ऑक्सिजनसाठी रक्त दिले तोच ऊतींपर्यंत कमी पोहोचतो. छातीत दुखून धाप लागणे, पक्षाघात, हिमोग्लोबिन अचानक कोसळणे ही रक्त देण्याची कारणे. नुसते दुखणे नव्हे. दुखण्यावर पुरेसे वेदनाशामक द्यावे, त्यात मॉर्फिनला कचरू नये, आणि शिरेतून पाणी मापात द्यावे, कारण अति सलाइननेही फुप्फुसात पाणी साठते. हे त्या रात्रीच्या निवासी डॉक्टरला कळावे म्हणून रुग्णाच्या कार्डावर 'वाहक की रुग्ण' एवढेच न लिहिता नेहमीचे हिमोग्लोबिन, प्लीहेचा आकार, हायड्रॉक्सीयुरियाची मात्रा, पूर्वी किती वेळा रक्त दिले आणि रक्तगटातले केल व आरएच उपप्रकार लिहावेत. मागच्या बाजूला मराठीत ठळक छापावे: ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, श्वास लागला, हात-पाय लुळा पडला किंवा लहान मुलाचे पोट डाव्या बाजूने अचानक फुगले, तर सकाळची वाट पाहू नये.

– रक्तपेढी व प्रयोगशाळेच्या कामाशी संबंधित काही वाचक, ठाणे